भाऊजींचा शेकलेला पाय

भाऊजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ठाण्याच्या घरी शेजारच्या काकूंची कंबर शेकत होते. शेगडीवर तवा, तव्यावर फडक्याची घडी, आणि चटईवर पालथ्या पडलेल्या काकू, "अगं अजून जरा वर... हां, आता बरोबर" असं कण्हत. कल्याणहून आलेले गृहस्थ दारातच थांबले. चपला काढेनात, बसेनात. तेव्हाच मला कळलं. तरीही हातातली घडी काकूंच्या कमरेवर नीट दाबून ठेवली आणि मगच उठले. यात धीर वगैरे काही नव्हता. अशा वेळी डोकं थांबतं आणि हात मात्र आपलं चालू काम पुरं करतात, एवढंच. काकू अजून सांगत असतात म्हणे, "इंदूचे थोरले दीर गेले, पण माझा शेक काही चुकला नाही हो!"

शेकणं ही माझी जुनी खोड. मी कल्याणला सून म्हणून आले तेव्हा स्वयंपाकात माझी गती बेताचीच होती. माझी पहिली पोळी उचलून भाऊजी म्हणाले होते, "ही मोजायची म्हणजे चार दिवसांचं काम आहे." ते मोजणी खात्यात होते, तेहतीस फुटांची साखळी घेऊन कल्याण तालुक्याची शेतं आणि ठाण्याच्या खाडीकाठची मिठागरं मोजत हिंडायचे. पण शेकण्यात मला तोड नव्हती. ओव्याची पुरचुंडी, वाळूची पुरचुंडी, तव्यावरचं फडकं, विटेचा शेक... कुठल्या दुखण्याला कुठला, हे मी आईकडून शिकून आले होते. घरात कुणाचं काही दुखलं की थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही माई म्हणतो, हाक मारायच्या, "इंदू, तुझं खातं उघड गं!" त्या खात्याचा मला गर्व होता. तो कसा उतरला, तेच आज सांगायचं आहे.

गेले पाच आठवडे मी कल्याणलाच आहे. पहिले बारा-तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं आणि आम्ही दोघी जावा चहाची आधणं ठेवून ठेवून थकलो. भेटायला येणाऱ्यांत बाजारपेठेतले दुकानदार फार. तांदळाचे व्यापारी आले, कासार आले, छत्र्या दुरुस्त करणारे चाचा आले. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "नाना रोज आमच्याकडे थांबून दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे गेले नाहीत. असा माणसांचा लोभी माणूस नाही." मी मान हलवत होते. भाऊजी माणसांचे लोभी होते, हे खरंच. पण त्या दुकानांमधलं अंतर कुणी मोजलं असतं, तर ते जवळजवळ सारखंच भरलं असतं. भाऊजींची पोटरी तेवढ्याच अंतरावर धरायची. पिळवटल्यासारखी दुखायची. मग थांबायचं आणि थांबलोय हे कळू नये म्हणून बोलायचं. दोन-तीन मिनिटांत कळ जायची की पुढे निघायचे. सुरुवातीला त्यांना तीस साखळ्या चालता येत होतं, पुढे वीस, मग दहा. अंतर कमी होत गेलं तशा ओळखी वाढत गेल्या. चाचा शेवटच्या दहा साखळ्यांतले. हे त्यांना सांगावंसं मला वाटलं नाही. कशाला सांगायचं?

आम्हालाही किती दिवस पत्ता नव्हता. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या एक-दोन वर्षांत हे सुरू झालं असावं. घरी कळलं ते जोमामुळे. जोमा म्हणजे त्यांच्या साखळीचं दुसरं टोक धरणारा, खाडीकाठच्या आगरी वस्तीतला गडी. एका दुपारी तो भाजीची टोपली घेऊन एकटाच आला आणि मागच्या दारी माईंना म्हणाला, "कं सांगू वयनी, नाना वीस साकल्या चालतान् नि उभं रेतान्. मना सांगतान्, जोमा, तो बगला बग. बगला आसतंय कुठं? मी उगाच बगतंय." माई आधी हसल्या. त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, तर भाऊजी म्हणाले, "जोम्याची नजर कमजोर झालीय. बगळा होता."

आणि बिडी. दिवसाला एक बंडल आणि वर चार. त्या काळी बिडीला दुखण्याचं कारण कोण म्हणत होतं? उलट आमचे हे भावाला सांगायचे, "नाना, थंडीत फिरता, एखादी जास्त ओढत जा, अंगात ऊब राहते."

सहा वर्षांपूर्वीच्या पौषातली गोष्ट. भाऊजी दोन दिवस मिठागरात मोजणीला होते, पाय पाण्यात. घरी आले ते रात्रभर तळमळले. आता पाय बसल्या जागीही दुखत होता. मी सकाळी बघितलं, तर डावा पाय घोट्याखाली मेणासारखा पांढरा आणि गारढोण. त्या दिवशी त्यांनी रजा टाकली, मधल्या खोलीत पडून राहिले. चारच्या सुमाराला माई कीर्तनाला गेल्या होत्या, सासूबाई झोपल्या होत्या. मी आपण होऊन खातं उघडलं. शेगडीत वीट तापवली, जुन्या लुगड्याच्या चार घड्यांत गुंडाळली आणि भाऊजींच्या पायाशी नेली. त्यांनी एकदा विटेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हटलं, "चटका बसला तर सांगा हं."

"छान वाटतंय," ते म्हणाले.

त्यांना काही वाटतच नव्हतं, हे मला काय ठाऊक! मी दूध बघायला आत गेले, तिथे माझ्या धाकट्या मुलीची वेणी घालायला बसले, आणि वीट राहिली. परत आले तर अंगठ्याखाली फोड. मी घाबरले. भाऊजींनी पांघरूण पायावर ओढलं आणि हळूच म्हणाले, "हे कुणाला बोलू नकोस. माईला तर मुळीच नको. ती म्हणेल, मला का नाही बोलावलं. आपल्या दोघांत राहू दे."

फोड फुटला. जखम भरेना. पंधरा दिवसांत अंगठा काळा पडायला लागला.

कल्याणात तेव्हा मुंबईहून शिकून आलेले एक तरुण डॉक्टर नव्याने बसले होते. त्यांनी पाय नीट पाहिला, घोट्याजवळ, गुडघ्यामागे नाडी चाचपली आणि पहिला प्रश्न विचारला, "हा पाय शेकला कुणी?"

मी आणि माई दोघी तिथेच होतो.

"मीच," भाऊजी म्हणाले. "थंडी होती. शेगडीशी पाय धरून बसलो."

"एवढे शिकलेले तुम्ही! चांगल्या पायाला ऊब लागली की आत रक्त धावत येतं, जास्तीची उष्णता वाहून नेतं. तुमच्या पायाला रक्त पोचतच नाही. तो बाहेरून तापवला की आणखी रक्त मागतो, आणि मिळत काहीच नाही. मग तो शिजतो."

शिजतो! तो शब्द माझ्या कानात बसला तो बसलाच. पुढे कित्येक दिवस कुकरची शिट्टी... छे, कुकर कुठला तेव्हा, साध्या भाताच्या तपेल्यावरचं झाकणही मी तोंड फिरवून उचलायची.

डॉक्टरांना बोलायची हौस आणि भाऊजींना समजून घ्यायची. त्यांनी विचारलं, "रक्त सगळीकडे सारखं नाही का जात?" डॉक्टर नाही म्हणाले. ज्या भागाला जितकं हवं तितकं, ज्या वेळी हवं त्या वेळी. जेवलं की पोटाकडे जास्त, चाललं की पोटऱ्यांकडे, उकडलं की कातडीकडे. थोडा विचार करून भाऊजी म्हणाले, "म्हणजे मिठागरासारखं. खाडी एक आणि वाफे शंभर. प्रत्येक वाफ्याला पाणी घ्यायचं लाकडी दार. ज्याला हवं त्याचं उघडायचं."

"आणि सगळी दारं एकदम उघडली तर?"

"पाणी कुठेच चढायचं नाही. सगळे वाफे घोटाभर चिखलात."

"तसंच!" डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले. "म्हणून एक राखणदार असतो. मेंदूतून, पाठीच्या कण्याजवळून आलेल्या बारीक तंतूंनी तो ही दारं ओढून धरतो. थंडी पडली की हातापायांची बंद करतो आणि आतलं काळीज, मेंदू सांभाळतो. पण कामाला लागलेली पोटरी त्याला विचारत बसत नाही. तिथे साठलेला कचराच तिची दारं उघडतो."

"मग माझी पोटरी?"

"दारं सताड उघडून बसली आहे, नाना. वरून येणारा पाटच बुजलाय. बिड्यांनी. आणि जी काही चिंचोळी वाट उरली आहे, ती तुमचा राखणदार घाबरून आणखी आवळतोय."

उपाय दोन होते. पाय गुडघ्याखाली कापायचा, नाही तर मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात कमरेतून आत जाऊन तो तंतूच तोडायचा, म्हणजे राखणदाराला कायमची सुट्टी. सासूबाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "दुखणं पायाला आणि कापणार कंबर? हे डॉक्टर आहेत की शिंपी?" पण त्यातही एक मेख होती. दारं अजून हलत असतील तरच राखणदार काढून उपयोग. ती गंजून बसली असतील तर पाय जाणार. ते ठरवायला एक परीक्षा होती, आणि ती मी जन्मात विसरणार नाही.

दवाखान्यात दुपारी भाऊजींना खुर्चीवर बसवलं. अंगावर दोन कांबळी. दोन्ही पाय उघडे, आणि प्रत्येक पायाच्या दुसऱ्या बोटाला एकेक लांबट थर्मामीटर चिकटपट्टीने बांधलेलं. दोन्ही हात कोपरापर्यंत कढत पाण्याच्या दोन घंगाळांत. पाय बघायचा आणि हात बुडवायचे! माई म्हणाल्या, "डॉक्टरांचं काही चुकत तर नाही ना?" पण डॉक्टर म्हणाले, हात तापले की तेच रक्त मेंदूपर्यंत जातं, राखणदाराला वाटतं अंग तापलं, आणि तो आपण होऊन पायांची दारं सैल सोडतो. पायाला धक्काही न लावता पाय गरम होतो. व्हायचा असेल तर.

कंपाउंडर आजारी होता. घंगाळातलं पाणी निवू न देता वरचेवर गरम ओतायला कुणीतरी हवं होतं. भाऊजी म्हणाले, "गरमागरमीचं काम इंदूकडे द्या, डॉक्टर. तिचा हात बसलेला आहे." मी मान वर केली नाही. तांब्या तेवढा उचलला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. दोन्ही आकडे ढिम्म. पंधरा मिनिटांनी भाऊजींच्या कपाळावर घाम आला. मग उजव्या पायाचा पारा चढायला लागला, भराभर. डावा तसाच. माई भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी तांब्याने पाणी ओतत होते आणि मनात एकच, चढ रे बाबा, दोन रेघा तरी चढ... ज्या हाताने तो पाय शिजवला त्याच हाताने ओततेय, निदान या पाण्याला तरी यश दे. अर्धा तास होत आला तेव्हा डॉक्टर खाली वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. "हलला," ते म्हणाले. "थोडाच. पण हलला!"

मी तांब्या खाली ठेवायला गेले तो घंगाळातच पडला आणि डॉक्टरांची विजार भिजली.

मग त्यांनी एक अजब गोष्ट केली. भाऊजींना त्यांच्याच बंडलातली एक बिडी पेटवून दिली. "ओढा. आणि पायाकडे बघा." चार झुरक्यांत चढलेला पारा उतरायला लागला, दोन्ही पायांचा. भाऊजी बघत राहिले. "ओढली इथे," छातीकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि बातमी लगेच तिथे." उरलेली बिडी त्यांनी घंगाळात विझवली. त्यानंतर ओढली नाही. सहा वर्षांत एकही नाही. चिडचिड मात्र केली, ती आम्ही सगळ्यांनी वाटून घेतली.

ऑपरेशन झालं. अंगठा गेला, पाय राहिला. डावा पाय कायमचा कोमट आणि कोरडा झाला, त्याला घाम म्हणून येईना. भाऊजी म्हणायचे, "माझी घामाने एकच चप्पल खराब होते." जखम भरली, रात्रीची कळ थांबली, पण चालणं काही वाढलं नाही. पाट बुजलेला तो बुजलेलाच. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, तरी आपण आशा करतोच. रानातली मोजणी सुटली, ते कचेरीत बसून दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनींचे नकाशे काढायला लागले. जोमा कधी येऊन अंगणात बसायचा.

आणि माझं काय? दरवर्षी दिवाळीत नमस्काराला वाकायचं. समोर चार बोटांचा पाय. मी वाकायला लागले की भाऊजी डावा पाय हळूच मागे घ्यायचे आणि उजवा पुढे करायचे. दर वर्षी. त्याने मला बरं वाटावं, असा त्यांचा हेतू असणार. मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आम्ही ठाण्याला वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हा, खरं सांगते, जागा अपुरी हे एक कारण होतं आणि तो पाय हे दुसरं. शेकणं मी सोडलं नाही, सुटलं नाही. पण कमरेच्या खाली मी कुणाला हात लावला नाही.

शेवटची भेट यंदाच्या थंडीतली. उजव्या पायाचा राखणदार अजून कामावर होता, म्हणून त्या पायासाठी डॉक्टरांनी सवय लावून दिली होती, रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात हात. भाऊजी मागच्या पायरीवर घंगाळ घेऊन बसले होते. मी जवळ बसले आणि धीर करून म्हटलं, "भाऊजी, त्या विटेचं मी माईंना सांगून टाकते. मला आता हे ओझं ओढवत नाही."

त्यांनी पाण्यातून हात काढले नाहीत. "इंदू, एकदा सही झालेली मोजणी परत काढू नये. शेजारीपाजारी उगाच बांध उकरतात." मग हसले. "पाणी ओत जरा. निवलं."

त्यानंतर तीन आठवड्यांत ताप आला, छातीत उतरला आणि चार दिवसांत सगळं संपलं.

मागच्या रविवारी सकाळी मी उठून मागे गेले, तर माई पायरीवर बसलेल्या आणि पुढ्यात घंगाळ, वाफाळतं. म्हणाल्या, "सवयीने तापवलं गं. ओतून टाकायला जीव होईना." मी त्यांच्या शेजारी बसले. माईंनी हात बुडवले, मग मीही बुडवले. चार हात, चाळीस वर्षांच्या धुण्याभांड्यांनी खरखरीत झालेले. दोघी इतक्या दमलो होतो की रडायलाही त्राण नव्हतं. बहुधा त्यामुळेच मी बोलले. वीट, लुगडं, वेणी, फोड, सगळं. शेवटी म्हटलं, "अंगठा माझ्यामुळे गेला, माई."

माईंनी पाण्यातले हात उपडे केले. मग म्हणाल्या, "वीट कितीला ठेवलीस?"

"चारला. तुम्ही कीर्तनाला गेला होतात."

"मी कीर्तनाला का गेले, माहीत आहे? घरात थांबवेना म्हणून. दुपारी जेवणं झाल्यावर मी वाळूची पुरचुंडी तापवून त्याच पायाला धरली होती. तू मागे भांड्यांना बसली होतीस. उचलली तेव्हा कातडी लाल झालेली. मला म्हणाले, इंदूला सांगू नकोस, तिला वाटेल तिच्या खात्यात तू हात घातलास."

सहा वर्षं, आधी एका स्वयंपाकघरात, एका हॉस्पिटलच्या बाकावर, मग दर दिवाळीत, दोघी आपापली पुरचुंडी पोटाशी धरून बसलेल्या. आणि भाऊजी मधे. दुपारची वाळू सोसून झालेली, पाय लाल, आणि चार वाजता मी वीट घेऊन दारात उभी. नको म्हणायला एक शब्द पुरला असता... तो त्यांनी उच्चारला नाही. "छान वाटतंय" म्हणाले.

"मग फोड कुणाचा?" मी विचारलं.

"त्यांनाच ठाऊक," माई म्हणाल्या. आणि एकदम हसल्या, पाच आठवड्यांत पहिल्यांदा. मीही हसले. हसता हसता काय झालं ते लिहीत नाही.

जरा वेळाने माईंनी आवाज खाली आणला. "इंदू, त्या दिवशी सकाळी जायफळाच्या तेलाची वाटी कढवून आत कोण गेलं होतं गं?"

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. आतल्या खोलीत सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. ऐंशी उलटलेल्या, डोळे जवळजवळ गेलेल्या. मुलाच्या पलंगाच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून जप करत होत्या. त्यांनाही भाऊजींनी काही सांगितलं असेल का, आपल्या दोघांत राहू दे म्हणून?

"विचारायचं?" मी म्हटलं.

"नको," माई म्हणाल्या, आणि उठून घंगाळात गरम पाण्याची भर घातली.

वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी सासूबाईंना माई वाचून दाखवतात. या रविवारी हे छापून येईल ते पान गाळायचं, असं आमचं ठरलं आहे. कल्याणातल्या वाचकांना एवढीच विनंती, आमच्याकडे भेटायला आलात तर जरूर बसा, चहा घ्या. पायाबद्दल सासूबाईंसमोर काही बोलू नका.